हॅश जेवणार आहे का?

कोलाडला माणूस एकटा येत नाही. तो कशाच्या तरी पोटात येतो. आधी एक कंपनी येते. कंपनीच्या पोटात तिची चार खाती, खात्यांच्या पोटात साहेब आणि साहेबांची माणसं, माणसांच्या पोटात त्यांची कुटुंबं, आणि एखाद्या कुटुंबाच्या अगदी तळाशी एक आजी. आजीला राफ्टिंग करायचं नसतं, पण 'घरी एकटीला कशी ठेवायची' म्हणून आणलेली असते. आजीला पोहे चालत नाहीत, पायऱ्या चालत नाहीत, आणि सूनबाईंनी हेल्मेट घातलेलं तर मुळीच चालत नाही. माझा पुतण्या एवढा सगळा संसार त्याच्या होमस्टेच्या लाल रजिस्टरात एका ओळीत बसवायचा: 'पुणे पार्टी, ३२, शनिवार.'

यातून जे व्हायचं ते शनिवारी सकाळी व्हायचं. कुंडलिकेतलं राफ्टिंग भिऱ्याच्या कृपेवर चालतं. टाटांचं भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७ पासून चालू आहे. मुळशीच्या तलावाचं पाणी घाटावरून खाली येतं, वीज करतं आणि सकाळी नदीत सुटतं, म्हणून भर उन्हाळ्यातही इथे नदीला लाटा असतात. पण पाणी सुटलं की सुटलं. ज्या धरणाचं काम सेनापती बापटांनाही थांबवता आलं नाही, त्याचं पाणी साहेबांच्या दुसऱ्या चहासाठी काय थांबणार? पाणी सुटायच्या आधी, राफ्ट जिथून सोडतात त्या साज्याला पोचायचं, कोण कुठल्या राफ्टमध्ये, कोणाला पोहता येत नाही, परत आल्यावर कोणाला कोंबडी आणि कोणाला वरण-भात, हे ठरलेलं हवं. पुतण्या 'पुणे पार्टी, ३२' या ओळीकडे बघत उभा राहायचा आणि त्याची आई, म्हणजे माझ्या वहिनी, चुलीपुढून सगळं तोंडपाठ सांगायच्या.

माझ्या दृष्टीनं ही पद्धत नव्हतीच. मी तेव्हा मुंबईच्या एका कचेरीतून निवृत्त होऊन गावी आलो होतो आणि निवृत्त माणसाला जी व्याधी जडते ती मला जडली होती: दुसऱ्याच्या चाललेल्या कामाला शिस्त लावणे.

मला संगणकाची भाषा येते ती एकच, पर्ल. लॅरी वॉल नावाच्या गृहस्थानं ती १९८७ मध्ये केली. तिच्या मुख्य पुस्तकाच्या वेष्टनावर उंट आहे आणि आत प्रोग्रॅमरचे तीन सद्गुण दिले आहेत: आळस, उतावळेपणा आणि गर्व. हे मी कौतुकानं वहिनींना सांगितलं.

"मग तुम्हाला शिकायला वेळ लागला नसेल, भावोजी," वहिनी म्हणाल्या.

पुतण्या म्हणाला, "काका, एक्सेलमध्ये करू ना. नाहीतर गूगलवर टाकू."

"एक्सेल सपाट आहे," मी म्हणालो, "आणि गूगलला नेटवर्क लागतं." कोलाडात पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क पाळी लावून येतात. एक असली की दुसरं नसतं. आपल्याला हवं होतं ते आपल्याच लॅपटॉपवर, एका साध्या फाइलीत राहणारं काहीतरी. आणि ते होतं. केन थॉम्पसननं १९७९ मध्ये डीबीएम नावाची सोय केली होती. एक किल्ली द्यायची आणि तिच्यासमोरची ओळ उचलायची, एवढंच तिचं काम. पर्लमध्ये हॅश म्हणून एक पेटारा असतो. तो या फाइलीला बांधून टाकला की पेटाऱ्यात जे ठेवाल ते आपोआप फाइलीत जातं. शिवाय १९९४ च्या पाचव्या आवृत्तीपासून पर्लमध्ये पेटाऱ्यात पेटारा, त्यात आणखी पेटारा, असं हवं तितकं खोल जाता येतं. कंपनीत खातं, खात्यात कुटुंब, कुटुंबात आजी. मी रात्री जागून बत्तीसच्या बत्तीस माणसं आजीच्या गुडघ्यांसकट आत भरली, फाइल बंद केली आणि यादी सकाळी स्वयंपाकघरात छापून येईल अशी व्यवस्था करून झोपलो.

सकाळी वहिनींनीच उठवलं.

"भावोजी, हा हॅश कोण?"

"कोण?"

"यादीत एकच नाव आलंय. हॅश. पुढे कंसात फोन नंबर आहे, पण त्यात मधेमधे इंग्रजी अक्षरं आहेत. एकटाच येणार आहे का? जेवणार आहे का?"

मी कागद बघितला. १९७९ च्या फाइलीला ओळ कळते, पेटारा कळत नाही. पेटारा दिला तर ती आतलं काही घेत नाही, तो संगणकाच्या मेमरीत कुठे ठेवला होता तेवढा आकडा लिहून घेते.

"वहिनी, तो माणूस नाही. तो पत्ता आहे. त्या पत्त्यावर बत्तीस माणसं होती."

"होती म्हणजे?"

"रात्री मी प्रोग्राम बंद केला."

ओटीवरून थोरल्या भावाचा, दादाचा आवाज आला, "बत्तीसच्या बत्तीस?"

त्या दिवशीची पार्टी वहिनींनी तोंडपाठ पार पाडली. मी मात्र हटलो नाही. हा प्रश्न जगात आणखी कोणाला पडला नसेल असं होणं शक्य नव्हतं, आणि पडलेला होताच. गुरुसामी सारथी या प्रोग्रॅमरनं त्यासाठी एमएलडीबीएम नावाचं मॉड्यूल लिहून ठेवलंय. पेटाऱ्यातले पेटारे उलगडून त्यांची एक लांबलचक ओळ करायची, ती ओळ फाइलीत ठेवायची, आणि मागितलं की त्या ओळीतून पुन्हा पेटारे उभे करायचे. सारथी हे नाव ऐकून घरात एकदम विश्वासाचं वातावरण तयार झालं. दादा म्हणाला, "मग रथ येईल आता रस्त्यावर." मुंबई-गोवा महामार्गाचं काम ज्यानं दाराशी वर्षानुवर्षं पाहिलंय, त्याच्या तोंडी 'रस्त्यावर येणं' हा आशीर्वाद की शाप, हे मी विचारलं नाही.

इथे आमचं घराणं आडवं आलं. आमच्याकडे पाहुण्याचं नुसतं नाव लिहीत नाहीत. आधी श्री लिहितात. पुतण्यानं यादी मराठीतच हवी असा आग्रह धरला होता आणि मी तो भाषाभिमानानं मानला होता. आता गंमत अशी, की सारथींचं मॉड्यूल, तुम्ही दुसरं काही सांगितलं नाही तर, एसडीबीएम नावाची फाइल वापरतं, आणि तिच्यात किल्ली आणि ओळ मिळून १००८ बाइटच मावतात. पेटारे उलगडणारा जो आहे, त्याचं नाव डेटा डम्पर. तो मराठी अक्षर सरळ लिहीत नाही. प्रत्येक चिन्हाचा सात अक्षरी संकेत लिहितो. 'श्री' हे आपल्याला एक अक्षर वाटतं, पण संगणकाच्या हिशेबानं ती चार चिन्हं: श, हलन्त, र आणि वेलांटी. चार साते अठ्ठावीस. १००८ ला २८ नं भागा. छत्तीस. म्हणजे त्या फाइलीत एका पार्टीचे छत्तीस श्री मावत होते, आणि नाव एकाचंही नाही.

माझा आणि त्या फाइलीचा छत्तीसचा आकडा आहे हे असं गणितानं सिद्ध झालं.

बत्तीस जणांचं नुसतं श्रीमंत होण्यातच सगळं गेलं आणि प्रोग्राम मधेच 'एरर २२' म्हणून आडवा पडला. मी सुचवलं, "श्री काढून टाकू."

वहिनी म्हणाल्या, "पाहुण्याला श्री नाही लावायचं? उद्या म्हणाल, पाण्याचा तांब्या नाही द्यायचा."

"वहिनी, जागा नाही."

"माझ्या वहीत आहे."

होती. पुतण्यानं तोडगा काढला: पार्ट्यांचे तुकडे करू, प्रत्येक कुटुंबाची वेगळी किल्ली. ते चाललं, आणि चालतंय हे बघून त्यानं उत्साहानं सगळं पेनड्राइव्हवर घालून आंबेवाडी नाक्यावरच्या ऑफिसात नेलं. एसडीबीएमचं लेखन दोन फाइलींत असतं, एकीच्या शेपटीला पॅग आणि दुसरीच्या डिर. एकीत पानं, दुसरीत कुठल्या पानावर काय याचा नकाशा. पुतण्यानं मोठी नेली आणि लहान कशाला म्हणून घरी ठेवली. नाक्यावर नकाशाशिवाय शोध घेतला तर प्रोग्राम फक्त पहिलं पान उघडून बघतो. पहिल्या पानावरची दोन कुटुंबं सापडली. बाकीची मिनीबसमधून उतरून त्याच्यासमोर उभी होती आणि तो त्यांना लॅपटॉप दाखवून पटवत होता, "तुम्ही आलेला नाहीत."

मग मी एसडीबीएम सोडून बर्कली डीबीवर आलो. तिथे हजार बाइटची कुरकुर नाही, फाइल एकच, श्री हवे तेवढे. डेटा डम्परच्या जागी स्टोरेबल घेतला. तो घाईनं आणि आटोपशीर भरतो, फक्त फाइल उघडून वाचायला गेलात तर गावातल्या डॉक्टरची चिठ्ठी बरी वाटते. आता काही राहिलं नव्हतं. राहिला होता तो मानपान.

पर्लच्या पेटाऱ्यातून वस्तू कोणत्या क्रमानं बाहेर येतील याची शाश्वती नसते. २०१३ च्या ५.१८ या आवृत्तीपासून तर दर खेपेला क्रम मुद्दाम बदलतात, सुरक्षेसाठी म्हणून. कोणाच्या सुरक्षेसाठी हे अमेरिकेतल्या लोकांना ठाऊक, आमच्याकडे धोका वाढला. एका कंपनीची यादी दाराशी लावली होती, त्यात सर्वात वर आचाऱ्याचा मदतनीस म्हणून आणलेला मुलगा आला आणि मॅनेजरसाहेब तळाला, ड्रायव्हरच्या खाली. साहेब काही बोलले नाहीत. फक्त राफ्टमध्ये शेवटी बसले, नाश्त्याला शेवटी आले, आणि पैसेही सगळ्यात शेवटी दिले. यादी पुन्हा छापली तर त्यांचे कनिष्ठ वर. तिसऱ्यांदा छापली तर त्यांची बायको वर, आणि तेवढी एक मात्र त्यांनी निमूट मान्य केली.

मी नावं अकारविल्हे लावली. वहिनी म्हणाल्या, "असं नसतं लावायचं. जो सगळ्यात जास्त कुरकुर करणार तो पहिला." ही क्रमवारी लावायचं सूत्र मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "फोनवर कळतं."

जानेवारीत पोपटीचे दिवस आले. कोलाडकडे पोपटीला पाहुणे लांबून येतात: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला, आणि मडकं उलटं घालून भोवती जाळ. एका पार्टीचा आदल्या संध्याकाळी फोन आला: उद्या संकष्टी, आमच्यातल्या एका कुटुंबाला नुसत्या शेंगा-बटाट्याची पोपटी हवी. पुतण्यानं लगेच संगणकावर पार्टी उघडली, पार्टीत कुटुंब, कुटुंबात जेवण, जेवणात 'कोंबडी' खोडून 'शेंगा'. संगणकानं एका शब्दानं तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी यादी छापली तर कोंबडी होती तिथेच.

हे का होतं ते समजावायला कोलाडइतकी सोयीची जागा देशात नसेल. रोह्यानंतरचं कोकण रेल्वेचं हे पहिलं स्टेशन, आणि २६ जानेवारी १९९९ पासून इथून गोव्यातल्या वेर्ण्याला रो-रो जाते. अख्खा भरलेला ट्रक, ड्रायव्हर-क्लीनरसकट, सपाट वाघिणीवर चढवायचा आणि घाट-वळणं चुकवून गोव्यात उतरवायचा. आमची फाइल म्हणजे ती सपाट वाघीण, आणि सारथींचं मॉड्यूल म्हणजे चढवण्या-उतरवण्याचा रॅम्प. ट्रकात पोत्यामागे पोतं काय आहे, हे वाघीण विचारत नाही. आता त्यातलं एक पोतं बदलायचं झालं तर ट्रक खाली उतरवा, पोतं बदला, ट्रक पुन्हा वर चढवा. पुतण्यानं केलं ते असं: त्यानं 'जेवण' मागितलं तेव्हा रॅम्पवरून ट्रकची एक प्रत खाली आली. त्यानं त्या प्रतीतली कोंबडी काढली, शेंगा भरल्या, हात झटकले आणि प्रत तिथेच सोडून घरी आला. मूळ ट्रक कोंबडीसकट वेर्ण्याला पोचला. मॉड्यूलच्या माहितीत ही सूचना स्पष्ट दिलेली आहे, पण माहिती आधी वाचून मग काम करणारा माणूस पर्लच्या वाटेला जातच नाही.

"मग संकष्टीवाल्यांचं काय झालं?" असं विचाराल. काही नाही. वहिनींनी यादी बघितलीच नव्हती. त्यांनी फोन चालू असताना मागून 'संकष्टी' एवढा शब्द ऐकला होता आणि वेगळं मडकं लावून ठेवलं होतं.

"यादी का नाही बघितली?" मी जरा दुखावूनच विचारलं.

"बघते की रोज," त्या म्हणाल्या. "तुम्ही किती मनापासून करता ते कळतं."

तोवर दादानंही या कामात रस घेतला. त्यानं ओटीवरच्या जुन्या संगणकावरून तीच फाइल उघडायला सुरुवात केली. एके दिवशी पुतण्या आत पार्टी लिहीत होता आणि दादा बाहेर तिचंच जेवण लिहीत होता. दोघांनी एकाच क्षणी जतन केलं, आणि फाइलीनं दोघांचंही ऐकायचं सोडून दिलं. या फाइलीला आपोआप कुलूप लागत नाही, ते प्रोग्रॅमरनं लावायचं असतं. रजिस्टराच्या बाबतीत हा घोळ कधीच झाला नव्हता, कारण आमच्या घरात चालू स्थितीतलं पेन एकच आहे. मी मग कुलपाची व्यवस्था केली. एकानं फाइल उघडली की दुसऱ्यानं वाट बघायची. दादा फाइल उघडून जेवायला गेला, जेवून वामकुक्षीला गेला, आणि त्या दुपारी घरात कोणालाही कोणाचंही बुकिंग घेता आलं नाही. पुतण्या फोनवर सांगत होता, "सर, थोड्या वेळानं करता का? सिस्टिम झोपलीय." ते शब्दशः खरं होतं. घोरणं पलीकडेही ऐकू गेलं असणार.

पण खरी परीक्षा गणपतीत झाली. पाहुणे हा व्यवसाय, पण गणपतीत येतात ते नातेवाईक. वहिनी पहिल्यांदाच आपण होऊन म्हणाल्या, "भावोजी, कोण कोणाबरोबर येणार, कोण कुठे झोपणार, हे टाका तुमच्या त्या हॅशमध्ये." हा माझा विजय होता. मी आत्याची नोंद केली आणि 'सोबत' या रकान्यात तिच्या नणंदेची नोंद जोडली. नणंदेच्या 'सोबत'मध्ये आत्या आलीच, कारण ती आत्याशिवाय कुठे जात नाही. शिवाय ही नणंद वहिनींची मामेबहीण, मामेबहिणीचे यजमान आमच्या चुलत्यांच्या साडूंचे चिरंजीव, आणि त्या साडूंच्या घरात आत्याचीच लेक दिलेली. कोकणातली नाती झाडासारखी फांद्या काढत जातात हे खोटं आहे. ती फिरून दारात येतात.

स्टोरेबलनं हे वेटोळं बिनतक्रार साठवलं, तो त्यासाठी तयार असतो. तयार नव्हता तो माझा छापायचा प्रोग्राम. त्यानं आत्या छापली, सोबत नणंद, नणंदेसोबत आत्या, आत्येसोबत नणंद. पर्ल अशा वेळी शंभर पायऱ्या उतरल्यावर एकदा बजावतं, की फार खोल चाललात. मग माणसाच्या इच्छेचा मान राखून जाऊ देतं. प्रिंटरनं कागद संपेपर्यंत आत्या आणि नणंद छापल्या. दादा एकेक पान हातात घेऊन वाचत होता. म्हणाला, "यांचं बोलणंही असंच असतं. बरोबर आलंय."

आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली. पर्लमध्ये एखाद्या वस्तूला कोणीच धरून ठेवलं नाही, की ती वस्तू आपोआप मोकळी होते आणि जागा रिकामी होते. पण दोन वस्तूंनी एकमेकींना धरलं असेल, तर प्रोग्राम संपेपर्यंत दोन्ही तिथेच. गौरीबरोबर गणपतींचं विसर्जन झालं. सगळे पांगले. आत्या म्हणाली, "नणंद निघाली की मी निघते." नणंद म्हणाली, "माझ्या वहिनीला टाकून कशी जाऊ?" होमस्टेच्या दोन खोल्या त्यांनी धरल्या होत्या आणि शनिवारची पार्टी तोंडावर आली होती. पर्लमध्ये यावर उपाय आहे. दोन्हींपैकी एकीची पकड सैल करायची, त्यासाठी वीकन नावाची आज्ञा आहे. मी ती फाइलीत दिली. खोल्यांवर परिणाम झाला नाही. मग वहिनी दोघींच्या देखत पुतण्याला म्हणाल्या, "सिलिंडर संपलाय रे. उद्यापासून चुलीवर, आणि लाकडं ओली आहेत." दुपारच्या एसटीनं दोघीही गेल्या.

त्या रात्री पुतण्या माझ्याजवळ येऊन बसला. डोळ्यांत चमक होती. "काका, एवढं जमलंय तर आता आपला सातबारा घालू यात. सर्व्हे नंबर, त्यात हिस्सा, त्यात सामाईक खातेदार, त्यांचे वारस, मुंबईतले वारस, त्यांच्यात वारसाची नोंदच न केलेले... आजोबांच्या भावांपासून सुरू करू."

मी रेल्वेच्या रो-रोची चौकशी केली. २०२५ च्या गणपतीत त्यांनी मोटारीही नेल्या होत्या, तेव्हा गाडीमागे ७,८७५ रुपये. पण आधी गाडी असावी लागते. मग साधीच बॅग भरली. वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भावोजी, ते आत्याचे कागद नेऊ नका हं. पाठकोरे आहेत. पुढच्या पार्ट्या लिहायला होतील."